अस्थींचे भारानुकूलन

हाडावर वारंवार पडणाऱ्या भारानुसार त्याची जाडी, घनता व अंतर्गत मांडणी बदलत राहते. सजीव अस्थीच्या या गुणधर्मास भारानुकूलन म्हणतात. वापर वाढला की हाड भरते आणि वापर थांबला की ते विरळ होते. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेले रुग्ण, अर्धांगवायूने लुळा पडलेला पाय, अनेक आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेला हात ही या गुणधर्माची नेहमीच्या पाहण्यातील उदाहरणे होत. निरीक्षण जुने असले, तरी भार पडल्याचे हाडास कळते कसे, हा प्रश्न नेमकेपणाने विचारला जाण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली व त्याचे समाधानकारक उत्तर हाती येऊ लागण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली. या विलंबाचे एक महत्त्वाचे कारण असे की, हाडाकडे प्रथम स्थापत्याचा एक उत्कृष्ट नमुना म्हणून पाहण्यात आले. त्या स्थापत्यात गाडल्या गेलेल्या कोशिकांकडे (पेशींकडे) बऱ्याच उशिरा लक्ष गेले.

हाडाचा आकार व त्यावरील भार यांचा संबंध गणिताच्या भाषेत प्रथम मांडण्याचे श्रेय सामान्यतः गॅलिलीओ (१५६४–१६४२) यांना दिले जाते. १६३८ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या दोन नव्या शास्त्रांवरील आपल्या ग्रंथात त्यांनी एका लहान प्राण्याचे हाड व तेच काम एखाद्या प्रचंड प्राण्याच्या शरीरात करू शकेल असे हाड शेजारी शेजारी रेखाटले आहे. दुसरे हाड लांबीच्या मानाने कितीतरी अधिक जाड असून त्याचा आकार बेढब दिसतो. प्राणी सर्व बाजूंनी सारखाच वाढला, तर त्याचे वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र वर्गाच्याच प्रमाणात वाढते. म्हणून हाड प्रमाणाबाहेर जाड व्हावे लागते, असा हा युक्तिवाद आहे. तथापि हा विचार निरनिराळ्या प्राण्यांच्या तुलनेचा होता. एकाच प्राण्याचे हाड त्याच्या हयातीत भारानुसार बदलते किंवा कसे, याविषयी त्यातून काही निष्पन्न होत नव्हते.

हाडाचे लांबट छेद घेतले असता त्याच्या टोकांशी स्पंजासारखी सच्छिद्र रचना दिसते. ती असंख्य सूक्ष्म पट्टिकांची बनलेली असते. या पट्टिका अस्ताव्यस्त नसून विशिष्ट दिशांनी रचलेल्या असतात, हे मांडीच्या हाडाच्या (ऊर्वस्थीच्या) वरच्या टोकात फार स्पष्टपणे दिसते. इंग्लंडमध्ये एफ. ओ. वॉर्ड यांनी १८३८ मध्ये या टोकाची तुलना भिंतीबाहेर आलेल्या दिव्याच्या कंसाधाराशी केली होती. मानेच्या भागातील पट्टिकांच्या रांगांमध्ये राहणारी विरळ जागा अद्यापही ‘वॉर्ड त्रिकोण’ या नावाने ओळखली जाते.

झुरिक येथील बैठक : या विषयाच्या इतिहासातील निर्णायक प्रसंग १८६६ मध्ये झुरिक येथील निसर्गविज्ञान मंडळात घडला. शारीरविज्ञ हेर्मान फोन मायर (१८१५–९२) यांनी तेथे हाडांचे छेद दाखविले. श्रोत्यांत झुरिकच्या तंत्रनिकेतनातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक कार्ल कुलमान (१८२१–८१) होते. आलेखीय स्थितिकी, म्हणजे इमारती, पूल इत्यादींच्या निरनिराळ्या भागांत उद्‌भवणारी प्रतिबले (एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत प्रेरणा) आकृत्या काढून ठरविण्याची पद्धती, हा त्यांचा विषय होता व त्यावरील त्यांचा ग्रंथ त्याच सुमारास प्रसिद्ध होत होता. मायर यांनी दाखविलेल्या पट्टिकांच्या रेषा आणि वाकलेल्या यारीत (जड वस्तू उचलण्याच्या यंत्रात) सर्वाधिक दाब व सर्वाधिक ताण ज्या मार्गांनी जातात त्या रेषा यांच्यातील साम्य कुलमान यांच्या तत्काळ ध्यानात आले. ऊर्वस्थीशी मिळत्याजुळत्या बाकाच्या यारीची आकृती त्यांनी आपल्या देखरेखीखाली काढून घेतली व मायर यांनी १८६७ मध्ये ती आपल्या लेखात समाविष्ट केली. डार्सी टॉम्सन यांच्या १९१७ मधील सुप्रसिद्ध ग्रंथामुळे ही हकीकत इंग्रजी वाचकांच्या परिचयाची झाली. पुढे तिला थोडे नाट्यमय रूप आले असले, तरी तिचा गाभा खरा आहे.

बर्लिनचे शस्त्रक्रियातज्ञ यूलिउस व्होल्फ (१८३६–१९०२) यांनी ही कल्पना उचलली. १८७० मध्ये हाडांच्या अंतर्गत रचनेविषयी त्यांनी विस्तृत निबंध लिहिला आणि १८९२ मध्ये हाडांच्या रूपांतरणाच्या नियमावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. मुडदुसाने वाकलेली हाडे, अस्थिभंगानंतर तिरकी जुळलेली हाडे, जखडलेले सांधे अशा अनेक नमुन्यांचे पातळ काप करून त्यांनी असे दाखविले की, हाडाचे काम बदलले म्हणजे त्याच्या आतील पट्टिकांची मांडणी व त्यामागोमाग बाह्य आकारही बदलतो आणि नव्या मांडणीचा रोख नव्या भाराशी जुळणारा असतो. हाच ‘व्होल्फ नियम’ होय. शस्त्रक्रियातज्ञांना त्याचे मोल लगेच पटले. वाकडा अवयव योग्य स्थितीत ठेवून त्यावर योग्य दिशेने भार पडू दिला, तर हाड स्वतःच स्वतःची दुरुस्ती करील, असा विश्वास या नियमाने दिला.

व्होल्फ यांच्या प्रतिपादनात मात्र दोन मोठे दोष होते. हाडांतील बदल गणिती नियमांनी काटेकोरपणे ठरतात, असा त्यांचा आग्रह होता; परंतु ते गणित त्यांनी स्वतः कोठेही मांडले नाही. शिवाय कुलमान यांची आकृती एकजिनसी, भरीव पदार्थासाठी होती. सच्छिद्र हाडास ती जशीच्या तशी लागू पडत नाही, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टीफन कोविन यांसारख्या अभियंत्यांनी स्पष्ट केले. दुसरे म्हणजे हाड आतून फुगून वाढते, अशी व्होल्फ यांची समजूत होती. वस्तुतः घट्ट खनिजयुक्त हाड आतून फुगू शकत नाही. त्याच्या पृष्ठांवर नवे थर बसतात व जुने थर काढून टाकले जातात. नियम निरीक्षण म्हणून टिकला आणि स्पष्टीकरण म्हणून ढासळला, असे म्हणणे योग्य ठरेल.

कोणत्या यंत्रणेने, हा प्रश्न व्होल्फ यांच्या समकालीन व्हिल्हेल्म रू (१८५०–१९२४) यांनी विचारला होता. शरीरातील भागांमध्ये चालणाऱ्या संघर्षावर १८८१ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी ‘कार्यात्मक अनुकूलन’ ही संकल्पना मांडली. १८८५ मध्ये हाडाने जखडून गेलेल्या एका गुडघ्याचे त्यांनी बारकाईने विश्लेषण केले. भार हे एक उद्दीपन असून त्याला त्या त्या ठिकाणच्या कोशिका स्थानिक पातळीवर प्रतिसाद देतात आणि अशा असंख्य स्थानिक प्रतिसादांतून एकूण रचना आपोआप घडते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे पट्टिकांची आकृती कोणी आखून दिलेली नसते. आजच्या दृष्टीने पाहता या विषयाचा खरा पाया रू यांनी घातला. पण नियमाला नाव मिळाले ते व्होल्फ यांचे.

मोजमापाचे युग : यानंतर सुमारे पाऊण शतक चर्चा पुष्कळ झाली, मोजमाप थोडे झाले. १९४८ मध्ये अमेरिकेत डीट्रिक, व्हीडन व शॉर यांनी चार निरोगी पुरुषांना सहा-सात आठवडे प्लास्टरच्या साच्यात निश्चल ठेवून त्यांच्या मूत्रातून व मलातून कॅल्शियमाचा मोठा ऱ्हास होतो, हे दाखविले. निश्चलतेने हाडातील खनिज बाहेर पडते, याचा हा निःसंदिग्ध पुरावा होता. अंतराळप्रवास सुरू झाल्यावर या प्रश्नाला नवे महत्त्व आले. १९७३-७४ मधील स्कायलॅब मोहिमांत अंतराळवीरांच्या शरीरातून कॅल्शियम सतत बाहेर पडत असल्याचे आढळले. पुढे मीर व आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक यांवरील दीर्घ वास्तव्यात नितंबाजवळील हाडांची घनता दरमहा साधारणपणे १ ते १.५ टक्क्याने घटत असल्याचे दिसून आले. आहार पुरेसा, शरीर निरोगी आणि तरीही हाड विरळ होते. उणीव असते ती केवळ वजनाची. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकावर जोरदार प्रतिरोध देणारे व्यायामयंत्र नेण्यात आल्यानंतर ही घट बरीच आटोक्यात आली.

भार वाढल्याचा परिणाम उलट दिशेने तितकाच ठळक असतो. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत व्यावसायिक टेनिसपटूंच्या खेळत्या हाताच्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हाताच्या मानाने पुरुषांत सुमारे ३५ टक्के व स्त्रियांत सुमारे २८ टक्के अधिक जाड आढळली. एकाच व्यक्तीच्या दोन हातांची ही तुलना असल्यामुळे आहार, आनुवंशिकता, हॉर्मोने इत्यादी कारणे आपोआप वगळली जातात. कानुस व त्यांच्या फिनलंडमधील सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखविले की, ज्या स्त्रिया ऋतुप्राप्तीच्या आधी किंवा त्या सुमारास खेळू लागल्या, त्यांच्यात हा फरक नंतर सुरुवात करणाऱ्यांच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत असतो. मुलींच्या खेळण्याबागडण्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या समाजात वृद्ध स्त्रियांच्या अस्थिभंगांचा विचार करताना ही नोंद महत्त्वाची ठरते.

जिवंत हाडावरच मोजमाप करण्याची सोय झाल्यावर या विषयाला खरी गती मिळाली. येथे ‘विकृती’ हा शब्द भौतिकीतील अर्थाने घ्यावयाचा आहे. भारामुळे लांबीत होणारा बदल भागिले मूळ लांबी म्हणजे विकृती. तिचा दहा लाखावा भाग ही एक सूक्ष्मविकृती होय. १९७० च्या सुमारास ब्रिटनमध्ये लान्स लॅनियन यांनी मेंढीच्या हाडावर विकृतिमापक चिकटवून ती चालत असताना नोंदी घेतल्या. १९७५ मध्ये माणसाच्या नडगीच्या हाडावरही असे मापन झाले. १९८४ मध्ये क्लिंटन रूबिन व लॅनियन यांनी दाखविले की, निरनिराळ्या आकारांच्या प्राण्यांत जोरदार हालचालींच्या वेळी हाडांतील कमाल विकृती २,००० ते ३,००० सूक्ष्मविकृती, म्हणजे लांबीच्या ०.२ ते ०.३ टक्के, एवढीच असते. घोडा व टर्की पक्षी यांच्या हाडांचे आकार इतके भिन्न असूनही ती एकाच मर्यादेत राहावी, याचा अर्थ हाड वजनापेक्षा विकृती ‘मोजते’ असा घेण्यात आला.

कोणता भार परिणामकारक ठरतो, याचीही उत्तरे अनपेक्षित होती. चेकोस्लोव्हाकियातील हेर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या आसपास सशांवर प्रयोग करून असे दाखविले होते की, सतत एकसारखा ठेवलेला भार हाडाची वाढ घडवून आणत नाही. भार येऊन-जाऊन पडावा लागतो. रूबिन व लॅनियन यांनी १९८४ मध्ये पक्ष्याच्या पंखातील एक हाड नैसर्गिक भारापासून अलग केले आणि बाहेरून यंत्राने त्यावर भार दिला. भार मुळीच न दिलेल्या हाडाची झीज झाली. दिवसाला केवळ ४ वेळा भार दिला, तर झीज थांबली. ३६ वेळा दिल्यावर हाड स्पष्टपणे वाढले. पण १,८०० वेळा दिल्याने त्यात आणखी भर पडली नाही. छत्तीस आवर्तनांना दीड मिनिटही लागत नाही. तासन्‌तास चालण्यापेक्षा थोड्या पण जोरदार व वेगळ्या धाटणीच्या हालचालींचा हाडावर अधिक परिणाम होतो, या आजच्या व्यायामविषयक सल्ल्याचे मूळ अशा प्रयोगांत आहे.

या सर्व निरीक्षणांना एका सूत्रात ओवण्याचा प्रयत्न अमेरिकेतील अस्थितज्ञ हॅरल्ड फ्रॉस्ट (१९२१–२००४) यांनी केला. १९८७ मध्ये त्यांनी तापमान-नियंत्रकाच्या धर्तीवर एका ‘यांत्रिक नियंत्रका’ची कल्पना मांडली. विकृती एका खालच्या मर्यादेपेक्षा कमी झाली, की हाड काढून टाकले जाते; वरच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे सुमारे १,५०० ते २,५०० सूक्ष्मविकृतींपेक्षा, ती अधिक झाली, की नवे हाड घातले जाते; दोहोंच्या दरम्यान हाड आहे तसे राखले जाते. ही मांडणी सोयीची असल्यामुळे सर्वत्र स्वीकारली गेली. परंतु नियंत्रक म्हटला की त्यात संवेदक हवा आणि तो कोठे आहे, हे या आकृतीतून कळत नव्हते.

संवेदकाचा शोध : प्रथम संशय विजेवर गेला. जपानमध्ये एइइची फुकाडा व इवाओ यासुदा यांनी १९५७ मध्ये कोरड्या हाडावर दाब दिल्यास विद्युत् भार निर्माण होतो, म्हणजे हाड दाबविद्युत् गुणधर्म दर्शविते, असे दाखविले. १९६२ मध्ये अँड्रू बॅसेट व रॉबर्ट बेकर यांनी हाड वाकविले असता विद्युत् वर्चस् निर्माण होते व कोशिकांचे वर्तन त्यामुळे ठरत असावे, असे सुचविले. न जुळणाऱ्या अस्थिभंगांवर विद्युत् उद्दीपन वापरण्यास १९७९ मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली. पुढे असे आढळले की, ओल्या, जिवंत हाडातील वर्चस् मुख्यतः त्यातील द्रवाच्या प्रवाहामुळे उद्‌भवते. विद्युत् सिद्धांत मागे पडला. परंतु संशोधकांचे लक्ष हाडातील द्रवाकडे वळविण्याचे काम त्याने केले, हे मान्य केले पाहिजे.

हाडातील कोशिका तीन प्रकारच्या असतात. अस्थिजनक कोशिका नवे हाड घालतात, अस्थिभंजक कोशिका जुने हाड विरघळवतात आणि अस्थिकोशिका हाडाच्या आत गाडलेल्या असतात. या शेवटच्या कोशिका मूळच्या अस्थिजनकच. स्वतःच तयार केलेल्या हाडात त्या अडकून पडतात. प्रौढ हाडातील कोशिकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक या प्रकारच्या असतात व त्या अनेक दशके जगू शकतात. त्या निष्क्रिय आहेत, असाच समज दीर्घकाळ होता. त्यांच्यावर प्रयोग करणेही कठीण, कारण हाड फोडल्याविना त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही. तथापि त्यांची रचना या समजाशी विसंगत होती. प्रत्येक अस्थिकोशिका एका बारीक गर्तिकेत बसलेली असून तिचे अनेक प्रवर्ध (फाटे) मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही अरुंद नलिकांतून पसरतात आणि शेजारच्या कोशिकांच्या तसेच पृष्ठभागावरील कोशिकांच्या प्रवर्धांना भिडतात. कोशिका व नलिकेची भिंत यांच्यामधील फटीत द्रव असतो. काहीही न करणाऱ्या कोशिकेने एवढे विस्तृत जाळे सांभाळावे, हे संभवनीय नव्हते.

१९८९ मध्ये स्केरी, लॅनियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडावर अल्पकाळ भार दिल्यावर काही मिनिटांतच अस्थिकोशिकांमधील एका एंझाइमाची क्रियाशीलता वाढल्याचे दाखविले. भाराची दखल सर्वांत आधी याच कोशिका घेतात, हे यावरून सूचित झाले. आता एक विरोधाभास समोर आला. चालताना-धावताना हाडाची विकृती ०.२ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. पण प्रयोगशाळेत वाढविलेल्या कोशिका उद्दीपित करण्यास त्याच्या अनेक पट विकृती द्यावी लागे. एवढी विकृती प्रत्यक्षात आली, तर हाड मोडेल. न्यूयॉर्कमधील शेल्डन वाइनबॉम, कोविन व झेंग यांनी १९९४ मध्ये यावर तोडगा सुचविला. हाड किंचित वाकले, की दाबल्या गेलेल्या बाजूकडील द्रव नलिकांतून दुसरीकडे सरकतो. भिजलेला स्पंज पिळावा त्यासारखी ही क्रिया आहे. नलिका अतिशय अरुंद असल्यामुळे हा क्षीण प्रवाहही प्रवर्धांच्या पृष्ठावर पुरेसे कर्तन प्रतिबल (पृष्ठाला समांतर घासत जाणारी प्रेरणा) निर्माण करतो. त्यांच्या गणितानुसार ते दर चौ. सेंमी.ला ८ ते ३० डाइन एवढे येते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील प्रतिबलाशी ते तुल्य आहे. भार येऊन-जाऊन का पडावा लागतो, याचाही उलगडा येथे होतो; स्थिर भारात द्रव एकदा सरकून थांबतो. ॲम्स्टरडॅम येथील जेनेके क्लाइन-न्यूलेंड व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अलग केलेल्या अस्थिकोशिकांवरून स्पंदनयुक्त प्रवाह सोडला, तेव्हा त्यांतून प्रोस्टाग्लँडीन हे संदेशवाहक द्रव्य बाहेर पडले.

मग निर्णायक पुरावा आला. जपानी संशोधकांनी २००७ मध्ये जनुकीय युक्तीने ज्यांच्या अस्थिकोशिका नष्ट करता येतात असे उंदीर वापरले. शेपटीने टांगून त्यांच्या मागील पायांवरचा भार काढून घेतला असता नेहमीच्या उंदरांची हाडे झिजली, यांची झिजली नाहीत. भार नाहीसा झाल्याची ‘बातमी’ देणाऱ्या कोशिकाच उरल्या नव्हत्या.

ही बातमी कोणत्या रेणूच्या रूपाने जाते, याचा धागा भाराशी संबंध नसलेल्या दोन दुर्मिळ आनुवंशिक विकारांतून मिळाला. त्यांपैकी एक प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकानर लोकांत, तर दुसरा, १९५५ मध्ये व्हान ब्यूखेम यांनी वर्णन केलेला, नेदर्लंड्समध्ये आढळला. रुग्णांची हाडे आयुष्यभर जाड होत जातात. कवटीच्या जाडीमुळे मज्जातंतू दाबले जाऊन चेहऱ्याचा पक्षाघात व बहिरेपणा येतो. मात्र हाडे सहसा मोडत नाहीत. २००१-०२ मध्ये या विकारांचे मूळ एका जीनमध्ये सापडले. त्यापासून बनणाऱ्या स्क्लेरोस्टीन या प्रथिनाची निर्मिती मुख्यतः अस्थिकोशिकाच करतात आणि ते अस्थिजनक कोशिकांना आवर घालते. २००८ मध्ये रॉब्लिंग व सहकाऱ्यांनी दाखविले की, भार दिलेल्या हाडात, विशेषतः जेथे विकृती अधिक तेथे, या प्रथिनाचे प्रमाण घटते आणि भार काढून घेतल्यास स्क्लेरोस्टीनाचा जीन अधिक क्रियाशील होतो. याचा अर्थ असा की, भाराने ‘हाड घाला’ असा हुकूम सुटत नाही. आधीपासून असलेला मज्जाव तेवढ्या जागी उठतो. अस्थिभंजकांना बोलावणारे प्रथिनही बऱ्याच अंशी अस्थिकोशिकाच पुरवितात, हे २०११ मध्ये निश्चित झाले.

प्रवाहाची पहिली जाणीव कोशिकेच्या पटलावर कशी होते, याविषयी अनेक दावेदार आहेत. त्यांपैकी प्येझो १ ही आयनमार्गिका विशेष उल्लेखनीय होय. तिचा शोध २०१० मध्ये आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेत लागला व २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकामागे या संशोधनाचा मोठा वाटा होता. २०१९ मध्ये अस्थिजनक व अस्थिकोशिकांतून ही मार्गिका काढून टाकलेल्या उंदरांची हाडे बारीक होतात व भाराला त्यांचा प्रतिसाद मंदावतो, असे आढळले. कोशिकेला भोवतालच्या हाडाशी बांधणारी प्रथिने व तिच्या पृष्ठावरील सूक्ष्म केसल हेही यात भाग घेत असावेत.

या ज्ञानाचा उपयोग उपचारात झाला आहे. अस्थिभंग जोडताना बसविलेली ताठ धातूची पट्टी किंवा कृत्रिम नितंब-सांध्याचा दांडा भोवतालच्या हाडावरील भार स्वतःकडे घेतो व ते हाड विरळ होते. म्हणून अशा साधनांच्या ताठपणाचा आता काळजीपूर्वक विचार केला जातो. स्क्लेरोस्टीनाला बांधून निष्प्रभ करणारे रोमोसोझुमॅब हे प्रतिपिंडरूप औषध २०१९ मध्ये प्रथम जपानमध्ये व नंतर अमेरिकेत, अस्थिभंगाचा मोठा धोका असलेल्या ऋतुनिवृत्त स्त्रियांसाठी संमत झाले. ते महिन्यातून एकदा, बारा महिन्यांपुरते टोचतात. नुकताच हृदयविकाराचा किंवा मस्तिष्काघाताचा झटका येऊन गेलेल्यांना ते दिले जात नाही. भार हाडाच्या एखाद्या ठिकाणचाच मज्जाव उठवतो. औषध तो सर्व सांगाड्यात एकदम उठवते, त्यामुळे कोठे किती हाड हवे हा विवेक त्यात नसतो. ते थांबविल्यावर मिळविलेली घनता पुन्हा घटू लागते, म्हणून त्यापाठोपाठ हाडाची झीज रोखणारे दुसरे औषध द्यावे लागते.